आषाढातला वारा आणि बांधून ठेवलेला पंखा

मागच्या आषाढात पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर जाणं झालं. माझा मावसभाऊ तिथल्या झेडपी शाळेवर मास्तर आहे, त्याच्याबरोबर गेले होते. वाडी म्हणजे वर वनकुसवड्याचं पठार, खाली कोयनेचं खोरं आणि मधे डोंगराच्या कडेला चिकटलेली पंधरा-वीस घरं. पाऊस आडवा लागत होता, छत्री उघडण्यात काही अर्थच नव्हता, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून चाललो होतो. लाईट गेलेली. केव्हा गेली असं विचारलं तर कुणी म्हणालं परवा, कुणी म्हणालं एकादशीच्या आधीच गेलीय, खाली रानात तारेवर झाड पडलंय आणि तिथवर गाडी जात नाही. ज्या घरात चहाला बसलो त्यांच्या अंगणात एक लोखंडी पाइप उभा होता, वीसेक फुटांचा, तीन बाजूंनी ताणाच्या तारा, म्हणजे स्टे वायर, ओढलेल्या, आणि वर तीन पात्यांचा लहानसा पंखा. त्याचं एक पातं निळ्या नायलॉनच्या दोरीनं पाइपाला आवळून बांधलेलं होतं. म्हशीच्या गळ्यात असते तसलीच दोरी.

वर्षातलं सगळ्यात जोराचं वारं सुटलेलं, घरात भर दुपारी अंधार, आणि वीज करणारा पंखा दावणीला बांधलेला.

हे काही केल्या मनातून जाईना. चहा चुलीवरचा होता, धुराचा वास लागलेला, कपाच्या कडेला गुळाची चव, आणि माझं लक्ष सारखं दाराबाहेर. शेवटी म्हाताऱ्या आजींना विचारलंच, आजी तो का बांधलाय? त्या म्हणाल्या, "मोकळा सोडला की लय वरडतो पोरी, रातभर झोपू देत न्हाई. आन पातं उडून कुणाच्या डोक्यात बसलं म्हंजी?" आणि खरं सांगायचं तर त्यांनी केलं ते अगदी बरोबर होतं. असला पंखा बॅटरीला जोडलेला असतो तोवर बॅटरी त्याच्याकडून वीज ओढते आणि त्या ओढण्यामुळेच तो काबूत राहतो. बॅटरी काढली की त्याला अडवणारं काही उरत नाही, तो सुसाट फिरायला लागतो, किंचाळतो, थरथरतो, आणि मग एखाद्या रात्री खरंच पातं जातं. म्हणून बॅटरी भरल्यावर जादा वीज जाळायला कंट्रोलरला, म्हणजे बॅटरी किती भरायची ते सांभाळणाऱ्या डब्याला, एक हीटरची कॉइल जोडलेली असते, वीज वाया गेली तरी चालेल पण पंख्यावरचा भार सुटता कामा नये. आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी आवाजावरून ओळखलं.

माझे वडील वायरमन होते. आता नाहीत. त्यामुळे खांब, तार, डीपी दिसली की माझी नजर आपोआप वर जाते, जम्पर नीट आहे का, इन्सुलेटर फुटलाय का. पावसाळा म्हणजे आमच्या घरात वडील नसण्याचे दिवस. रात्री-बेरात्री दारात कुणीतरी कंदील घेऊन उभं, वायरमन, फेज गेला, आणि वडील इरलं नाहीतर रेनकोट जे हाताला लागेल ते घेऊन निघायचे, कमरेला पक्कड आणि टेस्टर. डोंगरातल्या लाईनीचा त्यांना राग यायचा, लाईनीचा म्हणजे ती जिथून ओढली त्या वाटेचा. चार-पाच घरांसाठी रानातून मैल-दोन मैल तार नेलेली, जांभळ-अंजनीच्या झाडांमधून, आणि पहिल्या वादळात त्यातलं एखादं झाड आडवं. बिघाड शोधायला खांबाखांबानं चालायचं. जळवा लागलेले पाय घेऊन ते यायचे, आई मीठ लावायची. ते म्हणायचे उन्हाळ्यात ही लाईन कधी जात नाही बघ, जेव्हा लोकांचं लाईटवाचून तेवढं अडत नाही तेव्हा मस्त चालते.

या वाडीतही लाईट आली ती अशीच, लांबून, रानातून. सप्टेंबर २०१७ ला घरोघरी वीज देणारी सौभाग्य योजना जाहीर झाली आणि त्या लाटेत बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर मीटर बसले. त्याच्या आधीची गंमत वाटावी अशी व्याख्या सगळ्यांना माहीत आहे, गावातल्या दहा टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकरण झालेलं, आणि त्या हिशेबानं २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेइसांग हे देशातलं शेवटचं गाव उजळलं. वाडी तर हिशेबात पण नसते, ती कुठल्यातरी गावात मोडते. पण मीटर आला त्या दिवशी वाडीत पेढे वाटले होते आणि ते पेढे खोटे नव्हते. गिरणी आली. दळणासाठी डोक्यावर पाटी घेऊन डोंगर उतरायचं बायकांचं थांबलं. लहान पंख्यावर पिठाची गिरणी चालत नाही, हे मी आधीच सांगते, कारण पवनऊर्जेचं कौतुक करणारे कधीकधी हे सांगायचं टाळतात.

पंखा त्याच्या कितीतरी आधीचा. आजींची मोजणी अशी की धाकट्या नातवाचं बारसं झालं त्या साली बसवला, आणि तो नातू आता नववीत आहे. कुठल्याशा योजनेतून माणसं आली, पाइप उभा केला, पंख्याबरोबर एक सोलर पॅनल, एक बॅटरी, एक कंट्रोलरचा डबा, घरात चार दिवे. सगळं एका दिवसात करून गेली. आजींना त्या माणसांची नावं आठवत नाहीत पण पहिल्या रात्रीचा उजेड आठवतो, म्हणाल्या चुलीमागची काजळी पहिल्यांदा दिसली, दुसऱ्या दिवशी सुनेनं भिंत सारवून काढली. पंढरपूरची एकादशी, बाहेर झड लागलेली आणि घरात दिवा आणि रेडिओवर अभंग. आणि त्या जे म्हणाल्या ते ऐकून मी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आमच्याकडं पावसाळ्यात उजेड जास्ती असायचा, उन्हाळ्यात कमी. लोकांचं उलटं असतंय."

लोकांचं उलटं असतं. हेच तर त्या पंख्याचं सगळं मोल.

वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर वीज दुप्पट नाही, आठपट. दोन मीटर व्यासाचा पंखा धरला, म्हणजे माणसाच्या दोन्ही हातांच्या पसाऱ्यापेक्षा जरासा मोठा, तर ताशी अठरा किलोमीटरच्या वाऱ्यात तो साधारण ५५ वॅट देतो. चोवीस तास असंच वारं राहिलं तर एक युनिटच्या वर. आणि त्या घराची गरज किती, नऊ वॅटचे तीन एलईडी पाच तास, दोन मोबाईल, रेडिओ, फार तर एक लहान टीव्ही थोडा वेळ, सगळं मिळून पाव ते एक तृतीयांश युनिट. म्हणजे आषाढ-श्रावणात तो पंखा एका घराला पुरून शेजारच्या दोन घरांना देईल. तोच पंखा माघात, वारं ताशी दहा-अकरा किलोमीटरवर आलं की दहा-बारा वॅटवर येतो, तेही फिरला तर, कारण एवढ्या वाऱ्यात बरेचसे पंखे जेमतेम हलायला लागतात. पण माघात ऊन असतं. आणि आषाढात पॅनलवर दिवसदिवस ऊन पडत नाही. सह्याद्रीच्या या बाजूला निसर्गानं ही वाटणी इतकी नीट केलीय की दोन्ही एकत्र बसवायची कल्पना ज्याला सुचली त्याला मी हात जोडते. देशात असे लहान पवन-सौर जोड संच सगळ्यात जास्त महाराष्ट्रातच लागले आणि त्यात महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेचा मोठा वाटा होता. आकडा मेगावॅटमध्ये मोजायला गेलं तर अगदी किरकोळ. वर पठारावरचे मोठे पंखे एकेक ३५० किलोवॅटचे, आणि खाली कोयनेची १९६० मेगावॅट. ती वीज मोठ्या लाईनीनं सबस्टेशनला जाते आणि तिथून कारखान्यांना, शहरांना. मधल्या वाडीला ती परत येते ती रानातल्या तारेवरून, झाड पडलं नसलं तर.

चहा झाल्यावर मी पावसात पंख्याखाली जाऊन उभी राहिले. भाऊ म्हणत होता अगं भिजशील. पातं फायबरचं, वाऱ्याला सामोरी जाणारी कड पावसाच्या थेंबांनी खाऊन खरखरीत झालेली. पात्यांच्या मागं जनरेटरचा गोल डबा आणि त्याच्या मागं शेपूट, पत्र्याचं, गंजून तांबूस. या शेपटावर माझा जीव आहे. साध्या वाऱ्यात ते पंख्याचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवतं. पण पंखा पाइपाच्या बरोबर मध्यावर बसवत नाहीत, जरा बाजूला सरकवून बसवतात, आणि शेपटाची बिजागरी तिरकी असते. वादळी वारं आलं की ते पंख्याला एका बाजूला ढकलतं, पंखा तोंड फिरवतो, शेपूट तिरक्या बिजागरीवरून वर उचललं जातं. वारं ओसरलं की शेपूट स्वतःच्या वजनानं खाली येतं आणि पंखा परत वाऱ्याला तोंड देतो. यात स्प्रिंग नाही, सेन्सर नाही, माणूस झोपलेला असतो तरी चालतं. हाच प्रकार स्कॉटलंडमधल्या स्कोरेग नावाच्या गावात ह्यू पिगॉटनं १९७० च्या दशकापासून स्वतः पंखे बनवून बनवून पक्का केला. तिथं रस्ताच जात नाही, होडीनं नाहीतर चालत जायचं, आणि लाईटची तार तर नव्हतीच. लाकूड तासून पाती, तांब्याच्या तारेची वेटोळी राळेत ओतून बसवलेली, दोन लोखंडी तबकड्यांवर चुंबक. त्यानं हे सगळं लोकांना शिकवलं आणि आता जगभर माणसं त्याच पद्धतीनं आपापले पंखे बनवतात. स्कोरेगचे पंखे चालतात कारण जो ते बनवतो तो तिथंच राहतो.

तसं पाहिलं तर वाऱ्यावर घरात दिवा लावायची सुरुवातच स्कॉटलंडमध्ये झाली. १८८७ च्या जुलैत जेम्स ब्लाइथ नावाच्या ग्लासगोच्या प्राध्यापकानं मेरीकर्क गावातल्या आपल्या सुट्टीच्या घरामागं कापडी शिडांची चक्की उभी केली आणि बॅटऱ्या भरून घरात दिवे लावले. वीज उरायला लागली तेव्हा तो गावाला म्हणाला की घ्या, मुख्य रस्त्यावर दिवे लावा. गावानं नाही म्हटलं, हे सैतानाचं काम आहे म्हणून. मला त्या गावकऱ्यांवर हसू येत नाही. अनोळखी माणूस अनोळखी यंत्र घेऊन आला की घाबरायला होतंच. आपल्याकडे उलटं झालं, लोकांनी हात पुढं करून घेतलं आणि देणारा निघून गेला.

अमेरिकेतल्या माळरानावर १९२० आणि ३० च्या दशकांत शेतकऱ्यांच्या घराघरावर असे पंखे होते, मुख्यतः रेडिओ ऐकायला. मॉन्टानातल्या जेकब्स भावांचे पंखे तर इतके टणक की एक १९३३ साली रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेला. मग १९३६ ला ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, सरकारी कर्जावर तारा शेतापर्यंत पोचल्या, आणि १९५० च्या दशकात जेकब्सचा कारखाना बंद पडला. तार आली की पंखा जातो. वाडीतही तेच झालं असं मी आधी धरून चालले होते, लाईट आली म्हणून पंखा सोडून दिला असेल. पण आजी म्हणाल्या तसं नाही, पंखा लाईट यायच्या आधीच बंद पडला होता.

बंद पडला तो बॅटरीमुळं. पंखा चांगला होता, वारं तर होतंच होतं. थोरला मुलगा सगळं बघायचा, पाटणहून डिस्टिल वॉटरची बाटली आणायचा, महिन्याला बॅटरीत पाणी बघायचा, पावसाळ्याच्या तोंडावर स्टे वायर ताणून घ्यायचा, बेअरिंगला ग्रीस भरायचा. योजनेच्या माणसांनी जे काही शिकवलं ते त्यालाच शिकवलं. आणि तो मुंबईला गेला. या भागातली निम्मी कर्ती माणसं वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, तोही गेला. मागं सुनेनं पाणी कमी झालेलं बघून विहिरीचं घातलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की असलं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खातात. पुढच्या होळीपर्यंत बॅटरी मेली. कुणाला फोन करायचा ते डब्यावर लिहिलेलं होतं, फोन लागत नव्हता. नवीन बॅटरीला दहा-बारा हजार, तेवढ्यात त्या काळी एक दुभती शेळी आणि वर घराची कौलं आली असती, आणि त्यांनी शेळीच घेतली असेल तर मी काय म्हणणार.

मला राग येतो तो इथं. शासन म्हणा, संस्था म्हणा, कंपनी म्हणा, पंखा बसवायला पैसे असतात, अनुदान असतं, फोटो असतो, पाटी असते. पाचव्या वर्षी बॅटरी बदलायला एक रुपया कुठल्या कागदावर नसतो. आणि शिकवायचं तर घरातल्या तरण्या मुलाला, जो दोन वर्षांत गाव सोडणार हे त्या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सुनेला का नाही शिकवलं? ती तिथंच राहणार होती. रोज संध्याकाळी दिव्याचं बटण तीच दाबत होती, डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला ते पहिल्यांदा तिनंच पाहिलं. माझ्या वडिलांना एका फीडरसाठी, म्हणजे सबस्टेशनहून निघालेल्या एका लाईनीसाठी, पगार होता, पक्कड होती, वर बदली माणूस होता. या पंख्याला एक वायरमन हवा होता, पूर्ण पगाराचासुद्धा नाही, आसपासच्या दहा-वीस वाड्यांमधे मिळून एक, ज्याच्याकडं दोन बेअरिंग, एक मीटर, ग्रीसचा डबा आणि पंखा खाली उतरवायची हिंमत असेल. आयटीआयची पोरं दरवर्षी वायरमन होऊन बाहेर पडतात. पाटण-कोयनेच्या बाजूच्या पोरांना महिनाभर हे शिकवणं एवढं अवघड आहे का?

आता कुणी म्हणेल पॅनल इतके स्वस्त झालेत, चार पॅनल जास्त लावा, पंखा कशाला. हे बऱ्याच ठिकाणी खरंच आहे. पॅनलमध्ये हलणारं काही नाही, ग्रीस नाही, आवाज नाही. माणदेशात कुणी विचारलं तर मी सरळ पॅनल घ्या म्हणेन. आणि पंखा चुकीच्या जागी लावला तर तो शोभेचाच, घराच्या छपरावर नाहीतर झाडांच्या ओळीत वारं नुसतं घुसळतं, काम करत नाही. जुना नियम आहे, शंभर मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा पंखा दहा मीटर वर पाहिजे. या वाडीतला पाइप वीसच फूट होता आणि शेजारचा आंबा, जो पंखा बसवला तेव्हा रोप होता, तो आता पात्यांच्या वर गेलाय. पण घाटमाथ्यावरचे चार महिने, ढग जमिनीला टेकलेले, पॅनलवर शेवाळ धरेल असा ओलावा, आणि तार तुटलेली, त्या चार महिन्यांसाठी अजून तरी मला दुसरं काही दिसत नाही. रेशनवरचं रॉकेल जवळपास बंद झालंय, चिमणीत घालायला पण काही नाही. मोबाईल बंद पडला की दवाखान्याची गाडी बोलावता येत नाही, आणि त्या दिवसांतच साप निघतात.

निघताना भावानं वाशीला थोरल्या मुलाला फोन लावून दिला, त्याच्या मोबाईलमध्ये थोडी चार्जिंग शिल्लक होती आणि शाळेच्या मागच्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते. तो मार्केटातून बोलत होता, मागं हमालांचा आवाज. मी विचारलं पंखा परत चालू करता येईल का? तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कटला. मग एका दमात बोलायला लागला, बेअरिंग गेलं असणार, शेपटाची पिन झिजली होती तीच बदलायची राहिली, पाइप खाली घ्यायला चार माणसं लागतील, उभा करताना सहा, पाइप आंब्याच्या पुढं वेल्डिंग करून वाढवावा लागेल आणि मग स्टे वायर पण लांब. आणि दोरी काढून टाका म्हणाला, पातं ओढून ओढून चिरतं, खाली येणाऱ्या तीन वायरी एकमेकींना पिळून जोडा, मग पंखा स्वतःच जड होतो, नुसता हळूहळू वळत राहतो. ते भावानं तिथंच केलं आणि खरंच तसं झालं. दिवाळीला येतो तेव्हा करू म्हणाला. पॅनल कुठाय विचारलं तर कळलं की ते आता खालच्या शेतात कुंपणाच्या झटका मशीनला लावलंय, रानडुकरं नाचणी ठेवत नाहीत म्हणून, आणि आजींनी पाठीमागून ठणकावलं की पॅनल मागायचं न्हाई, तरवा लागलाय. मग त्यानंच पुन्हा विचार केला. पॅनल नाही म्हणजे बॅटरी एकट्या पंख्यावर, आणि दिवाळीनंतर वारं पडतं, अर्धी भरलेली बॅटरी थंडीभर तशीच राहिली तर पडून पडून खराब होते. म्हणून काम मे महिन्यात, वळवाच्या आधी करायचं ठरलं, बॅटरी त्याच आठवड्यात घ्यायची, निम्मे पैसे तो देणार, निम्मे भाऊ आणि मी, आणि पाणी कुठलं घालायचं ते आजींच्या सुनेला दाखवायचं.